पिस्तूल की तलवार: जपानी वेस्टर्न बघायला सुरुवात कशी करायची

जपानी वेस्टर्न म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर काउबॉय हॅट घातलेले जपानी हिरो आणि हॉलिवूडची नक्कल एवढंच येतं. नक्कल थोडीफार आहेही, कुठे आहे ते पुढे सांगतोच, पण खरा प्रकार त्याहून कितीतरी मोठा आहे. जपानी दिग्दर्शकांनी अमेरिकन वेस्टर्न मनापासून बघितला, त्यातलं हवं ते सामुराईच्या गोष्टीत मुरवलं, ते इटलीने उचललं, इटलीतून ते परत अमेरिकेला गेलं आणि पन्नासेक वर्षांनी अमेरिकेतून पुन्हा जपानला आलं. हा सगळा फेरा आठदहा सिनेमांत बघता येतो, फक्त क्रम नीट लावायला हवा. हाताला लागेल तो आधी असं केलंत तर अर्धी मजा जाते, कारण एका सिनेमात केलेल्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्याने तीस वर्षांनी दिलेलं असतं.

हे ज्यांनी क्लिंट ईस्टवूडचे दोनचार पिक्चर बघितलेत, शोले तोंडपाठ आहे, पण जपानी सिनेमाला अजून हात लावलेला नाही त्यांच्यासाठी आहे. आधीच सांगतो, सगळे सिनेमे बघताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा, इथे पिस्तूल कोणाच्या हातात आहे आणि तलवार कोणाच्या. बाकी सगळं आपोआप उलगडत जातं.

सुरू करण्याआधी

मोबाईलवर बघू नका, प्लीज. यातले बरेच सिनेमे अतिशय रुंद फ्रेममध्ये शूट केलेत, एक टोळी पार डाव्या टोकाला, दुसरी पार उजव्या टोकाला आणि मधे रिकामा रस्ता, मोबाईलवर त्या माणसांच्या मुंग्या होतात आणि मग म्हणाल स्लो आहे. टीव्हीला लॅपटॉप जोडा आणि खोलीत अंधार करा. डबिंग नको, जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स, नट तोशिरो मिफुनेचं ते घशातून गुरगुरल्यासारखं बोलणं डबिंगमध्ये पूर्ण जातं. पुण्यात जपानी शिकणारे खूप जण आहेत, त्यांनीही सबटायटल्स चालूच ठेवा, सामुराईच्या काळातली बोली क्लासमध्ये शिकवतात तशी नाहीये.

मिळतील कुठे? ओटीटीवर हे सिनेमे येतात-जातात त्यामुळे आज सांगितलेलं उद्या खरं राहील असं नाही. दिग्दर्शक आकिरा कुरोसावाचे सिनेमे क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या डिस्कवर चांगल्या प्रिंटमध्ये मिळतात, जपान फाउंडेशनचा जपानी फिल्म फेस्टिव्हल भारतात होतो त्याच्यावर लक्ष ठेवा, आणि तुमच्या गावात फिल्म सोसायटी असेल तर मेंबर व्हा, कुरोसावा तिथे कधी ना कधी लागतोच आणि थिएटरमध्ये बघायला मिळाला तर घरचा टीव्ही विसरा.

पायरी १: योजिम्बो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याची इटालियन आवृत्ती

आकिरा कुरोसावाचा योजिम्बो, १९६१. सुरुवात इथूनच करायची, यावर मी अजिबात मागे हटणार नाही. गोष्ट साधी आहे, १८६० चं साल, बेकार झालेला एक सामुराई एका गावात येऊन पडतो, गावात दोन टोळ्या, एकीच्या पाठीशी रेशमाचा व्यापारी तर दुसरीच्या पाठीशी साके, म्हणजे तांदळाची दारू गाळणारा, आणि त्यांच्या भांडणात गावाचं पार वाटोळं झालंय, धंदा जोरात आहे तो फक्त शवपेट्या करणाऱ्याचा. हा गडी आज या टोळीत तर उद्या त्या टोळीत असं करत दोघांना एकमेकांवर घालतो.

पहिली पाच मिनिटं डोळ्यात तेल घालून बघा. तोशिरो मिफुने पाठमोरा चालत येतो, चेहरा दिसत नाही, खांदे उडवतो, मान खाजवतो, तीन वाटा फुटतात तिथे येऊन एक काठी उचलतो आणि हवेत उडवतो, ती जिकडे पडली तिकडे हा निघाला. मग गाव लागतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, नुसता वारा आणि धूळ, आणि समोरून एक कुत्रं तोंडात माणसाचा तुटलेला हात धरून रमतगमत येतं आणि त्याच्या बाजूने निघून जातं. गाव कोणत्या लायकीचं आहे ते कळलं, आणि ते सांगायला एकही वाक्य लागलं नाही. वर मासारू सातोचं ते ठसक्यातलं म्युझिक, जे सामुराई सिनेमात तोवर कोणाला अपेक्षित नव्हतं.

आता वेस्टर्नच्या खुणा शोधा. गावाच्या मधून जाणारा एकच रुंद रस्ता, दोन्हीकडे फटीतून बघणारे लोक, कुठून आला ते माहीत नसलेला परका, नाव विचारलं तर बाहेर दिसणाऱ्या तुतीच्या शेताकडे बघत तिथल्या तिथे बनवून सांगितलेलं नाव. दोन्ही टोळ्या पहिल्यांदा समोरासमोर येतात तो सीन तर परत लावून बघा, आपला सामुराई मधल्या टेहळणीच्या मचाणावर चढून बसलाय आणि खाली हे दोन्हीकडचे शूरवीर चार पावलं पुढे येतात, सहा पावलं मागे जातात, आणि हा वरून हसतोय. एवढ्या भेदरट गुंडांना बघून हसू येतं आणि याच लोकांनी गाव संपवलंय हेही त्याच वेळी लक्षात येतं.

मग येतो तात्सुया नाकादाईचा उनोसुके. अंगात किमोनो, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर कायम एक गोड हसू, आणि किमोनोच्या आतून हात बाहेर येतो तेव्हा त्यात पिस्तूल. अख्ख्या गावात एकच पिस्तूल! अमेरिकन वेस्टर्नमध्ये पिस्तूल सगळ्यांकडेच असतं, तिथे प्रश्न कोण आधी काढतो एवढाच. इथे पिस्तूल बाहेरून आलेलं आहे, ज्याच्याकडे ते आहे त्याला वर्षानुवर्षं तलवार घासायची गरज नाही, आणि सामुराईचा काळ संपत आलाय हे त्या एका वस्तूवरून समजतं. मिफुने त्यावर काय तोड काढतो तर देवळात बसून वाऱ्याने भिरभिरणाऱ्या वाळक्या पानावर चाकू फेकायची प्रॅक्टिस करतो. शेवटच्या सामन्यात ती कशी कामाला येते ते तुम्हीच बघा.

दुसऱ्याच दिवशी, लक्षात ताजं असताना, सर्जिओ लिओनेचा अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स लावा, १९६४. तीच गोष्ट, परवानगी न घेता उचललेली. गाव आता मेक्सिकोच्या सरहद्दीवर, रेशीम आणि साकेच्या जागी बंदुका आणि दारू, आणि सामुराईच्या जागी तोवर टीव्ही सिरीयलमध्ये काम करणारा क्लिंट ईस्टवूड. योजिम्बो काढणाऱ्या जपानच्या तोहो कंपनीने हक्क सांगितला आणि तडजोडीत जगभरच्या कमाईतले १५ टक्के आणि जपान, तैवान, दक्षिण कोरियातले वितरणाचे हक्क जपानी बाजूला मिळाले. कुरोसावाचा राग रास्तच होता असं मला वाटतं, मात्र हेही सांगायला हवं की तो स्वतः अमेरिकन वेस्टर्नचा दिग्दर्शक जॉन फोर्डचा निस्सीम चाहता होता आणि योजिम्बोची कल्पना सुचली त्यामागे १९४२ चा द ग्लास की नावाचा अमेरिकन क्राइम पिक्चर होता असं त्यानेच सांगितलेलं आहे. फरक एवढाच की त्याने घेतलेलं ओळखू येणार नाही इतकं स्वतःचं केलं आणि लिओनेने सीन टू सीन घेतलं.

तरी लिओनेचा सिनेमा कमी समजू नका, दोन्ही शेजारी ठेवून बघितले की दोघांचीही ताकद कळते. एक सोपा धडा, शवपेट्यांचा जोक. योजिम्बोत सामुराई आधी दोन शवपेट्या सांगतो आणि तलवार म्यान करून जाता जाता म्हणतो बहुतेक तीन लागतील. लिओनेकडे आकडा आधी तीन आणि मग चार. जोक तोच, पण मिफुने तो खांदे उडवत जाता जाता टाकतो आणि ईस्टवूड थंडपणे. आणि कॅमेरा बघा, कुरोसावा लांबून, लांब पल्ल्याच्या लेन्सने, सगळी गर्दी एका चौकटीत दाबून दाखवतो, लिओने थेट माणसाच्या डोळ्यात घुसतो. सामन्याच्या वेळी वारा मात्र दोघांनाही लागतो.

पायरी २: सेव्हन सामुराई

यावर मी फार बोलत नाही कारण यावर सगळेच बोलतात. १९५४, लांबी २०७ मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. घाबरू नका, मधे इंटरव्हल दिलेलं आहे, पहिल्या रात्री तिथपर्यंत आणि दुसऱ्या रात्री पुढे असं केलं तरी चालतं. शेतकऱ्यांचं गाव, पिकावर डोळा असलेले दरोडेखोर, आणि गावाने भाड्याने आणलेले सात लढवय्ये. अमेरिकेने याचा १९६० मध्ये द मॅग्निफिसंट सेव्हन केला, आणि १९७५ चा आपला शोले या दोघांचाही ऋणी आहे, त्यामुळे रामगढ आणि ठाकूर डोक्यात असलेल्या माणसाला हा सिनेमा पहिल्या अर्ध्या तासात ओळखीचा वाटायला लागतो.

बघताना एकच काम करा. दरोडेखोरांकडे फक्त तीन बंदुका आहेत, त्या तीन बंदुका कुठे आहेत यावर नजर ठेवा, आणि सातांपैकी जे पडतात ते कशाने पडतात ते मनात नोंदवा. शेवटी ती यादी बघितलीत की कुरोसावाला काय म्हणायचंय ते आपसूक कळेल.

पायरी ३: गिटार घेतलेला भटक्या

आता तो नकलेचा भाग, आणि मला तो मनापासून आवडतो. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी निक्कात्सु नावाच्या स्टुडिओने असे सिनेमे काढायला सुरुवात केली ज्यात देश जपान, काळ आजचा, पण हिरो पाठीवर गिटार टाकून घोड्यावरून येतो, गावातल्या गुंडांना सरळ करतो, एका मुलीला जीव लावायला लावतो आणि शेवटी निघून जातो. जपानमध्ये त्या वेळी वेस्टर्नचं वेड होतं, अमेरिकन टीव्हीवरची लॅरामी नावाची सिरीयल तिथे तुफान चालली, त्यामुळे तरुण प्रेक्षकांना हे सगळं पाठच होतं. खऱ्या जपानमध्ये असा पिस्तूल घेऊन कोणी फिरूच शकत नाही, पण पडद्यावर कोणी तो प्रश्न विचारत नाही.

यातला पहिला गिटार वाला पिक्चर १९५९ चा, इंग्रजीत द रॅम्बलिंग गिटारिस्ट नावाने मिळतो, अ‍ॅरो कंपनीच्या निक्कात्सु डायमंड गाईज या संचाच्या पहिल्या भागात आहे. हिरो आकिरा कोबायाशी, समोर जो शिशिदो नावाचा नट, दिग्दर्शक बुइची साइतो. परदेशी समीक्षकांना यातली गाणी खटकतात, आपल्याला अजिबात खटकणार नाहीत, हिरो मधेच गाऊ लागला तर आपण सावरून बसतो. आणि एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवा, हा सिनेमा घडतो हाकोदातेमध्ये, म्हणजे होक्काइदो बेटाच्या दक्षिण टोकाच्या बंदरात. वेस्टर्न करायचा म्हटल्यावर स्टुडिओ थेट उत्तरेला का गेला हे पाचव्या पायरीत येईल.

या प्रकारातला एकच बघायला वेळ असेल तर मात्र गिटारवाला सोडा आणि अ कोल्ट इज माय पासपोर्ट बघा, १९६७, ताकाशी नोमुरा, लांबी दीड तासाच्याही आत. काळा-पांढरा. जो शिशिदो सुपारी घेऊन खून करणारा आहे, काम फत्ते होतं आणि मग ज्यांनी काम दिलं तेच मागे लागतात. गोष्ट योकोहामाची, गाड्या आहेत, सूट आहेत, पण हारुमी इबेचं म्युझिक ऐका, शिट्टी आणि गिटार, सरळ सरळ इटालियन वेस्टर्न. शेवटचा भाग म्हणजे समुद्र हटवून भरणी केलेली एक उजाड सपाट जमीन, एकटा माणूस आणि तो कुदळ घेऊन खड्डा खणतोय. कशासाठी खणतोय ते कळतं तेव्हा मी दरवेळी पुढे सरकून बसतो. टोकियोच्या जवळ कुठेतरी अशी जमीन शोधून तिथे वाळवंटातला सामना उभा करायचा, याला डोकं लागतं. क्रायटेरियनच्या निक्कात्सु नॉयर संचात आहे.

पायरी ४: मधे जेवून घ्या

ताम्पोपो, १९८५, जुझो इतामी. याची जाहिरातच रामेन वेस्टर्न म्हणून केली गेली होती, रामेन म्हणजे जपानी नूडल सूप. काउबॉय हॅटवाला ट्रक ड्रायव्हर गोरो पावसाच्या रात्री एका डबघाईला आलेल्या रामेनच्या दुकानात शिरतो, मारामारी होते, आणि मग त्या दुकानाच्या विधवा मालकिणीला उत्तम रामेन करायला शिकवायचं तो मनावर घेतो. एकेक जाणकार जमवणं, ट्रेनिंग, शेवटची परीक्षा आणि काम झाल्यावर हिरोचं निघून जाणं, सांगाडा पक्का वेस्टर्नचा, फक्त गोळीच्या जागी सूप. ट्रकमध्ये शेजारी बसलेला पोरगा नीट बघून ठेवा, तो केन वातानाबे आहे, पुढच्या पायरीत तोच हिरो.

पोरांना घेऊन बसणार असाल तर थांबा. मुख्य गोष्ट निर्मळ आहे पण मधे मधे पांढऱ्या सुटातल्या गुंडाचे आणि त्याच्या मैत्रिणीचे सीन येतात ते मोठ्यांसाठीच आहेत, आणि एका सीनमध्ये कासव कापताना दाखवलंय, तेही सगळ्यांना झेपत नाही. आणि उपाशीपोटी बघू नका.

पायरी ५: होक्काइदो समजून घ्या, मग अनफरगिव्हन दोनदा

माझ्या मते जपानी वेस्टर्नचा गाभा इथे आहे. वेस्टर्नला काय लागतं? नुकतं कोणाकडून तरी हिसकावलेलं, कायदा नीट न पोचलेलं रान, तिथे नशीब काढायला आलेले लोक, आणि ज्यांची ती जमीन होती ते बाजूला सारलेले. कुरोसावाच्या गावात हे नव्हतं, ते जुनं स्थिरावलेलं जपान होतं. पण जपानकडे खराखुरा असा प्रदेश होता, आणि तो अमेरिकन वेस्टच्याच काळात घडला.

पिक्चरआधी दहा मिनिटं एवढं वाचून घ्या. १८६८ मध्ये शोगुनची, म्हणजे देशाचा कारभार हातात असलेल्या सेनापतीची सत्ता गेली आणि सम्राटाच्या नावाने नवं सरकार आलं. शोगुनच्या बाजूचे शेवटचे लढवय्ये उत्तरेला पळाले आणि १८६९ मध्ये हाकोदातेला त्यांचा पाडाव झाला. त्याच वर्षी एझो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या बेटाला होक्काइदो हे नाव दिलं गेलं आणि वसाहतीसाठी वेगळं सरकारी खातं उघडलं, जे १८८२ पर्यंत चाललं. सल्लागार म्हणून बोलावलं कोणाला तर अमेरिकन लोकांना! अमेरिकेच्या शेतीखात्याचा प्रमुख होरेस केप्रन १८७१ मध्ये आला, ओहायोचा एडविन डन १८७३ मध्ये आला आणि त्याने गुराघोड्यांचे रँच उभे करायला मदत केली. बेकार झालेल्या सामुराईंना शेतकरी-शिपाई म्हणून तिकडे वसवलं गेलं. १८७६ मध्ये देशभर कंबरेला तलवार लावायला बंदी आली. आणि ज्या आयनू लोकांचं ते बेट होतं त्यांची जमीन सरकारने आपल्या नावावर करून घेतली, शिकारीवर आणि सॅमन धरण्यावर बंधनं आली, १८९९ मध्ये त्यांना 'संरक्षण' देणारा म्हणून जो कायदा झाला त्याने त्यांची भाषा आणि राहणी अजूनच दाबली. जपानच्या कायद्यात आयनूंना मूळनिवासी असं स्पष्ट म्हटलं गेलं ते थेट २०१९ मध्ये. हे माहीत नसेल तर पुढचा पिक्चर नुसता बर्फातला मारामारीपट वाटतो आणि ते फार वाईट होईल.

आता आधी ईस्टवूडचा १९९२ चा अनफरगिव्हन बघा. म्हातारा झालेला खुनी, डुकरं पाळतोय, बायको वारलीय, दोन पोरं आहेत, आणि बक्षिसासाठी शेवटचं एक काम. शेवटच्या पाट्यांमध्ये सर्जिओ आणि डॉन यांना अर्पण असं येतं, डॉन म्हणजे दिग्दर्शक डॉन सीगल, आणि सर्जिओ म्हणजे तोच लिओने ज्याने योजिम्बो उचलून ईस्टवूडला स्टार केलं. म्हणजे इथपर्यंत एक धागा आला.

मग २०१३ चा जपानी अनफरगिव्हन. दिग्दर्शक ली सांग-इल, जपानमध्येच जन्मलेला, कोरियन वंशाचा, आणि मला वाटतं कोण आतलं आणि कोण बाहेरचं या प्रश्नाला या सिनेमात जी धार आहे ती उगाच आलेली नाही. १८८० चं होक्काइदो, केन वातानाबे म्हणजे जुबेइ, एकेकाळी शोगुनच्या बाजूने माणसं कापणारा, आता दगडगोट्यांच्या जमिनीत पोरांसाठी काहीतरी पिकवायला बघतोय. बायको आयनू होती, ती गेली. जुना सोबती किंगो येतो, एका वसाहतीत कोणीतरी वेश्येचा चेहरा कापलाय, तिच्या सोबतिणींनी पैसे जमवून बक्षीस लावलंय. गोष्ट ईस्टवूडचीच, बरेच सीन जसेच्या तसे.

पण जे बदललंय तिथे थांबून बघा. ईस्टवूडच्या गावात शेरीफ येणाऱ्यांची पिस्तुलं काढून घेतो, तो त्या एका माणसाचा नियम आणि त्याचा दरारा. इथे कोइची सातोने केलेला पोलीस प्रमुख ओइशी वसाहतीत हत्यार येऊ देत नाही तेव्हा त्याच्यामागे अख्खं नवं सरकार उभं आहे, तलवारबंदी हा देशाचाच कायदा झालाय, त्यामुळे समोरच्याचं हत्यार काढून घेताना तो त्याची ओळखच काढून घेतो. ईस्टवूडच्या नायकाची पापं दारूच्या नशेतली, स्वतःची. जुबेइची पापं हरलेल्या बाजूच्या युद्धातली, जिंकलेल्यांनीही तेच केलं पण त्यांच्या अंगावर आता सरकारी गणवेश आहे. आणि मूळ सिनेमातला तो बढाया मारणारा पोरगा इथे युया यागिराने केलेला गोरो होतो, अर्धा आयनू, तोंडाने फटाके लावत फिरणारा, आणि तो एवढा ओरडतो का हे कळतं तेव्हा सिनेमाचं वजन दुप्पट होतं. ईस्टवूडच्या सिनेमात मूळनिवासी जवळजवळ कडेलाच राहिले होते, लीने त्यांना गोष्टीच्या मध्यात आणलं. रिमेक करायचा तर असा, मूळ सिनेमा जे बोलला नाही ते बोलणारा. माझ्यासाठी या दोघांत जपानी सिनेमा पाऊलभर पुढे आहे, भले लोक ओरडोत.

शूटिंग होक्काइदोतच झालंय, बर्फ खरा, थंडी खरी, माणसांच्या तोंडातून निघणारी वाफ खरी. पुन्हा सांगतो, मोठ्या पडद्यावर.

पायरी ६: सुकियाकी वेस्टर्न जँगो

बरेच जण नाव भन्नाट आहे म्हणून इथून सुरू करतात आणि वीस मिनिटांत बंद करतात. म्हणून सहावा नंबर. ताकाशी मिइकेचा २००७ चा सिनेमा, इटालियन वेस्टर्नला स्पॅगेटी वेस्टर्न म्हणतात, तर आपली सुकियाकी (मांस-भाज्यांचा जपानी पदार्थ) या हिशोबाने नाव. त्याआधी सर्जिओ कोर्बुचीचा १९६६ चा जँगो बघून घ्या, चिखलातून शवपेटी ओढत येणारा तो माणूस आणि त्या पेटीत काय आहे ते माहीत असलं की मिइकेचे अर्धे संदर्भ लागतात.

उरलेले अर्धे जपानी इतिहासातले आहेत. एका गावात दोन टोळ्या, एक लाल, एक पांढरी, म्हणजे हेइके आणि गेंजी, ज्यांचं युद्ध खरोखर ११८० ते ११८५ मध्ये झालं आणि जपानी पोराटोरांना ते आपल्याकडे महाभारत असतं तसं माहीत असतं. लाल टोळीचा म्होरक्या कियोमोरी शेक्सपियरचं सहावा हेन्री वाचतो आणि मला हेन्री म्हणा असं सगळ्यांना सांगतो, कारण त्या नाटकातही लाल आणि पांढऱ्या गुलाबांचं युद्ध आहे. सगळे जपानी कलाकार इंग्रजीत बोलतात, तरी सबटायटल्स लावाच, उच्चार समजायला वेळ लागतो. क्वेंटिन टॅरेंटिनो एका रोलमध्ये आहे. आणि शेवटी जँगोचं गाणं जपानीत, साबुरो किताजिमाच्या त्या भरदार आवाजात, अंगावर काटा येतो. हिंसा भरपूर आहे, बलात्काराचा प्रसंग आहे, घरात सगळ्यांसमोर लावायचा पिक्चर नाही.

हा सिनेमा मला पूर्ण जमलेला वाटत नाही, मधला भाग रेंगाळतो, पण योजिम्बो, लिओने आणि कोर्बुची बघून झाल्यावर त्यातली प्रत्येक फ्रेम कुठून आली ते दिसतं आणि मिइकेचं प्रेम खरं आहे हे कळतं.

पायरी ७: इथून पुढे

तुम्हाला पाचवी पायरी सगळ्यात जास्त आवडली असेल तर गोल्डन कामुय घ्या. सातोरु नोदाची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, २०१४ ते २०२२, ३१ खंड, अ‍ॅनिमे २०१८ पासून आणि माणसांचा सिनेमा २०२४ मध्ये आला. रशिया-जपान युद्धातून परतलेला सुगीमोतो आणि असिर्पा ही आयनू मुलगी, होक्काइदोत दडवलेल्या सोन्याच्या मागे, आणि त्या सोन्याचा नकाशा तुरुंगातून पळालेल्या कैद्यांच्या अंगावर गोंदलेला. आयनू भाषेसाठी हिरोशी नाकागावा हे अभ्यासक सल्लागार आहेत आणि ते जाणवतं, शिकार, जेवण, देवाला दिलेला वाटा, सगळं असिर्पा आपल्याला शिकवत जाते आणि पहिल्यांदाच या बेटाची गोष्ट त्या बेटाच्या माणसाच्या नजरेतून दिसते. यात तोशिझो हिजिकाता हे पात्र आहे. इतिहासात हा माणूस १८६९ च्या हाकोदातेच्या लढाईत मेला, नोदाने त्याला जिवंत ठेवला, म्हातारा, लांब पांढरे केस, एका हातात जुनी तलवार आणि दुसऱ्या हातात विंचेस्टर रायफल. सुरुवातीला जो प्रश्न डोक्यात ठेवा म्हणालो त्याला इतकं भारी उत्तर दुसरं कोणी दिलेलं मी बघितलेलं नाही. रक्तपात आणि चावट विनोद दोन्ही भरपूर, त्यामुळे मोठ्यांसाठीच. अ‍ॅनिमेत पहिल्या एपिसोडमधलं अस्वल थोडं विचित्र दिसतं, त्यावरून ठरवू नका, चारपाच भाग बघा.

लिओनेची धूळ आणि वाळवंट जास्त आवडलं असेल तर ट्रायगन, १९९८ चं अ‍ॅनिमे, २६ भाग, वाळवंटी ग्रह आणि डोक्यावर साठ अब्जांचं बक्षीस असलेला गनमॅन जो कोणालाही मारायला तयार नाही. हे मात्र कॉलेजच्या पोरांबरोबर बसून बघता येईल.

मिफुनेच्याच प्रेमात पडला असाल तर सांजुरो बघा, १९६२, योजिम्बोचाच सामुराई परत येतो, गोष्ट हलकीफुलकी आहे आणि शेवटचा सामना एका श्वासात संपतो. आणि मग रेड सन, १९७१, हा जपानी सिनेमा नाही, युरोपियन निर्मिती, शूटिंग स्पेनमध्ये, पण यात मिफुने सामुराईच्या वेषात खऱ्याखुऱ्या वेस्टर्नमध्ये चार्ल्स ब्रॉन्सनबरोबर फिरतो, राजदूताची चोरीला गेलेली तलवार शोधत. गोष्टीकडून फार अपेक्षा ठेवू नका, त्या दोघांच्या जोडीसाठी बघा. हा मात्र योजिम्बोच्या आधी बघू नका, मिफुने काय चीज आहे ते आधी माहीत असलं तरच रणरणत्या उन्हात ब्रॉन्सनच्या बडबडीकडे तो ज्या नजरेने बघतो त्याची खरी मजा येते.